सहकारी गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्क

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे देखभाल शुल्क म्हणजे संस्थेच्या इमारतीची देखभाल, सामाईक सेवा, कर आणि भविष्यातील मोठ्या दुरुस्त्या यांसाठी प्रत्येक सभासदाने ठरलेल्या मुदतीत संस्थेकडे भरावयाची रक्कम होय. बोलीभाषेत या रकमेस 'मेंटेनन्स' किंवा 'सोसायटीचे बिल' असे म्हणतात. महाराष्ट्रात या शुल्काची आकारणी आणि वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखाली नोंदवलेले संस्थेचे उपविधी यांनुसार होते.

देखभाल शुल्क हे भाडे नव्हे. भाडेकरू दुसऱ्याच्या मालकीची जागा वापरण्याचा मोबदला देतो, तर संस्थेचा सभासद स्वतःच्या मालकीतील सामाईक भागाच्या खर्चातील आपला वाटा उचलतो. संस्थेला नफा कमवायचा नसतो आणि खर्च भागवण्यासाठी सभासदांखेरीज दुसरा निश्चित स्रोतही सहसा नसतो. त्यामुळे एका सभासदाने न भरलेली रक्कम नाहीशी होत नाही. तिचा भार उरलेल्या सभासदांवर पडतो किंवा एखादे आवश्यक काम लांबणीवर जाते. तळोद्यासारख्या लहान शहरात, जेथे इमारती आठ-बारा सदनिकांच्या असतात, तेथे हा परिणाम विशेष जाणवतो.

इतिहास

भारतात सहकारी संस्थांच्या कायद्याची सुरुवात १९०४ साली पतसंस्थांपासून झाली. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज अन्य हेतूंच्या संस्थांनाही नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर १९१५ साली मुंबईतील गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तलमकी हे तिच्या उभारणीमागील प्रमुख कार्यकर्ते होते. ही देशातील आरंभीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक मानली जाते.

मुंबई प्रांतासाठी १९२५ साली स्वतंत्र सहकारी कायदा झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्याची जागा १९६० च्या अधिनियमाने घेतली. बहुमजली इमारतींतील सदनिकांची विक्री वाढू लागल्यावर १९६३ साली महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा कायदा (मोफा) आणि १९७० साली महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम करण्यात आला. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या सहकार कायद्यात बदल झाले आणि गृहनिर्माण संस्थांसाठी २०१४ चे आदर्श उपविधी प्रसिद्ध करण्यात आले. २०१९ साली अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी 'तेरा-ब' हे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले.

कायदेशीर चौकट

शुल्काचे नियम तीन पातळ्यांवर ठरतात. अधिनियम व त्याखालील १९६१ चे नियम ही पहिली पातळी होय. दुसरी पातळी उपविधींची. शासनाने प्रसिद्ध केलेले आदर्श उपविधी हा नमुना असतो. संस्थेने स्वीकारलेले आणि निबंधकाकडे नोंदवलेले उपविधी तिच्या सभासदांवर बंधनकारक असतात. तिसऱ्या पातळीवर सर्वसाधारण सभेचे ठराव येतात. दुरुस्ती निधीचा किंवा वाहनतळाचा दर यांसारख्या बाबी सभा ठरवते. ठराव उपविधींच्या विरुद्ध आणि उपविधी अधिनियमाच्या विरुद्ध असू शकत नाहीत. त्यामुळे आपल्या बिलातील एखादी रक्कम योग्य आहे की नाही, हे तपासताना हाच क्रम उपयोगी पडतो.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार गृहनिर्माण संस्थेच्या नोंदणीसाठी किमान पाच व्यक्ती किंवा करार केलेल्या सदनिकाधारकांपैकी ५१ टक्के, यांपैकी जी संख्या अधिक असेल ती आवश्यक असते. पूर्वीची किमान दहा सभासदांची अट लहान इमारतींना अडचणीची ठरत असे.

शुल्काचे घटक आणि वाटणीचे निकष

संस्थेचे बिल एकच असले तरी त्यातील प्रत्येक रक्कम वेगळ्या निकषाने ठरते. २०१४ च्या आदर्श उपविधींतील प्रमुख निकष पुढीलप्रमाणे आहेत :

• मालमत्ता कर : स्थानिक स्वराज्य संस्थेने ठरवलेल्या आकारणीनुसार.
• पाणीपट्टी : प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांच्या प्रमाणात.
• दुरुस्ती व देखभाल निधी : सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने, मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के.
• सिंकिंग फंड : जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के.
• सेवा शुल्क : सर्व सदनिकांमध्ये समान.
• उद्वाहनाचा (लिफ्टचा) खर्च : वापर असो वा नसो, सर्व सभासदांमध्ये समान.
• विमा हप्ता : सदनिकेच्या बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात.
• वाहनतळ शुल्क : सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने.

सेवा शुल्कात रखवालदार, सफाई कामगार व अन्य कर्मचाऱ्यांचे पगार, जिने व आवार यांतील दिव्यांची वीज, छपाई, टपाल, लेखापरीक्षण, सभा आणि कार्यालयीन खर्च यांचा समावेश होतो.

दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड यांतील फरक अनेकदा लक्षात घेतला जात नाही. दुरुस्ती निधी गळती, रंगकाम, पंप, जलवाहिन्या अशा वेळोवेळी उद्भवणाऱ्या कामांसाठी असतो. सिंकिंग फंड ही इमारतीच्या वार्धक्याची तरतूद होय. इमारतीची पुनर्बांधणी, संरचनेतील बदल किंवा वास्तुविशारदाने आवश्यक ठरवलेली मोठी दुरुस्ती यांसाठी सर्वसाधारण सभेच्या मान्यतेने तो वापरता येतो. चालू खर्च भागवण्यासाठी हा निधी खर्च झाल्यास आजच्या सभासदांचे बिल हलके राहते आणि पंधरा-वीस वर्षांनी तेथे राहणाऱ्यांवर एकरकमी मोठा बोजा येतो.

समान वाटणी आणि क्षेत्रफळ

मोठ्या सदनिकेने अधिक सेवा शुल्क द्यावे काय, हा गृहनिर्माण संस्थांतील जुना वाद आहे. सफाई, रखवाली, जिन्यातील दिवे या सेवा सर्वांना सारख्याच मिळतात. म्हणून त्यांचा खर्च समान वाटावा, असे आदर्श उपविधींचे सूत्र आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली व्हीनस सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात क्षेत्रफळावर आधारित आकारणी अमान्य करून समान आकारणीची बाजू उचलून धरली.

१९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाखालील इमारतींची रचना मात्र वेगळी असते. तेथे प्रत्येक मालकाचा सामाईक क्षेत्रातील अविभक्त हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांत नमूद केलेला असतो आणि सामाईक खर्च त्या प्रमाणात वाटला जातो. म्हणून आपली इमारत सहकारी संस्था आहे की अपार्टमेंट मालकांची संघटना, हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

बिनभोगवटा शुल्क

सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो, तेव्हा संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि ते मोजताना स्थानिक कर वगळले जातात. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ही मर्यादा वैध ठरवली. संपूर्ण बिलावर १० टक्के आकारणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. सभासदाचे आई-वडील, मुले, भावंडे अशा जवळच्या कुटुंबीयांनी सदनिका वापरल्यास हे शुल्क लागू होत नाही.

बंद ठेवलेल्या सदनिकेचे नियमित देखभाल शुल्क मात्र माफ होत नाही. रखवाली, छताची दुरुस्ती आणि निधी हे खर्च सदनिकेत कोणी राहते की नाही, यावर अवलंबून नसतात.

मागणीपत्र, मुदत आणि व्याज

संस्थेचा सचिव शुल्काचे मागणीपत्र, म्हणजेच बिल, तयार करून सभासदांना देतो. बिल दरमहा, तिमाही किंवा अन्य कालावधीसाठी असू शकते. त्यात प्रत्येक घटकाची रक्कम, मागील थकबाकी, व्याज आणि भरण्याची अंतिम तारीख स्वतंत्रपणे नमूद असणे अपेक्षित आहे. नुसती एकूण रक्कम लिहिलेल्या बिलावरून सभासदाला आकारणी तपासता येत नाही आणि पुढे वाद झाल्यास संस्थेलाही आपली मागणी सिद्ध करणे अवघड जाते.

मुदतीनंतर भरलेल्या रकमेवर संस्था सरळव्याज आकारू शकते. त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार तो दरसाल २१ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. व्याज सरळ असल्यामुळे आधीच्या व्याजावर पुन्हा व्याज लावता येत नाही. धनादेश किंवा बँकेमार्फत रक्कम भरताना सदनिका क्रमांक आणि बिलाचा कालावधी नमूद केल्यास, तसेच पावती जपून ठेवल्यास, जमा-नोंदीचे बहुतेक वाद टळतात.

दस्तवस्ता भरणामाघारी थकबाकी कशी वाढते

तळोद्यातील तीन मजली, बारा सदनिकांची, लिफ्ट नसलेली एक काल्पनिक इमारत घेतली आणि प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च १२,००,००० रुपये मानला, तर दुरुस्ती निधी किमान दराने वर्षाला ९,००० म्हणजे महिन्याला ७५० रुपये आणि सिंकिंग फंड वर्षाला ३,००० म्हणजे महिन्याला २५० रुपये होतो. इमारतीचा मासिक सेवा खर्च ६,००० रुपये असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ५०० रुपये येतात. पाण्याचे १६० रुपये धरल्यास मासिक बिल १,६६० रुपये होते. बारा सदनिका मिळून संस्थेचे मासिक उत्पन्न १९,९२० रुपये होईल.

यांपैकी एका सभासदाने वर्षभर काहीच भरले नाही, तर त्याची मूळ थकबाकी १९,९२० रुपये, म्हणजे संपूर्ण इमारतीच्या एका महिन्याच्या उत्पन्नाएवढी होते. प्रत्येक बिल महिनाअखेर देय आहे आणि व्याजाचा दर दरसाल २१ टक्के आहे असे मानल्यास वर्षाअखेर सुमारे १,९१७ रुपये व्याज होते. शंभर सदनिकांच्या वसाहतीत एका थकबाकीदाराचा परिणाम उत्पन्नाच्या एक टक्का असतो. बारा सदनिकांत तो आठ टक्क्यांहून अधिक असतो आणि दोन थकबाकीदार झाले की उत्पन्नाचा सहावा भाग थांबतो. वीजबिल आणि सफाई कामगाराचा पगार मात्र पूर्वीइतकाच राहतो. अशा वेळी सर्वप्रथम निधीतील भरणा थांबतो आणि टाकीची किंवा छताची दुरुस्ती पुढे ढकलली जाते.

हीच सदनिका भाड्याने दिली असती, तर बिनभोगवटा शुल्क ५०० रुपयांच्या १० टक्के, म्हणजे महिन्याला ५० रुपये झाले असते. १६६ रुपये नव्हे.

थकबाकी आणि वसुली

२०१९ च्या तरतुदींनुसार बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून अथवा देय तारखेपासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो. थकबाकीदारास व्यवस्थापक समितीवर निवडून येता येत नाही. सदनिका विकताना संस्थेची देणी चुकती केल्याखेरीज भागांचे हस्तांतरण पूर्ण होत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे टाळलेली रक्कम बहुधा विक्रीच्या वेळी व्याजासह समोर येते.

वसुलीची प्रक्रिया सामान्यतः पुढील टप्प्यांनी होते :

१. सचिव थकबाकीचा आढावा घेऊन ती समितीपुढे ठेवतो.
२. सभासदाला स्मरणपत्र व त्यानंतर लेखी नोटीस दिली जाते.
३. समिती वसुलीची कारवाई करण्याचा ठराव संमत करते.
४. कलम १५४ब-२९ अन्वये निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज केला जातो. त्यासोबत थकबाकीचा तक्ता, बिलांच्या व नोटिसांच्या प्रती, संबंधित ठराव आणि उपविधींचा उतारा जोडला जातो.
५. सभासदाला आपली बाजू मांडण्याची संधी देऊन निबंधक निर्णय देतो.
६. दाखला मिळाल्यावर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

२०१९ पूर्वी अशी प्रकरणे याच अधिनियमाच्या कलम १०१ खाली चालत. दाखला मिळाल्यानंतरही रक्कम न भरल्यास मालमत्तेची जप्ती व विक्री येथपर्यंत कारवाई पोहोचू शकते. थकबाकीदाराचे पाणी तोडणे, जिन्याचा वापर रोखणे किंवा त्याच्या कुटुंबाला अपमानित करणे हे वसुलीचे मार्ग नव्हेत. आदर्श उपविधींनी समितीला तसा अधिकार दिलेला नाही.

सभासदांचे हक्क

शुल्क भरण्याचे कर्तव्य आणि हिशोब पाहण्याचा हक्क या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. अधिनियमानुसार सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रे पाहता येतात आणि त्यांच्या प्रती घेता येतात. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षित हिशोब मांडले जातात आणि त्यांवर प्रश्न विचारता येतात.

आकारणी चुकीची वाटल्यास सभासदाने सचिवाकडे लेखी हरकत नोंदवावी, अशी प्रथा आहे. पुढे निबंधकाकडे तक्रार किंवा वादाच्या स्वरूपानुसार सहकार न्यायालयात दावा करता येतो. समितीचा कारभार पसंत नाही किंवा घरातील गळती दुरुस्त झाली नाही, या कारणाने संपूर्ण शुल्क रोखून धरणे सहसा सभासदाच्याच अंगाशी येते. तक्रार प्रलंबित असताना व्याज सुरू राहते आणि थकबाकीदार ठरल्यामुळे समितीत जाऊन कारभार सुधारण्याचा मार्गही बंद होतो. म्हणून वादग्रस्त रक्कम 'हरकत राखून' भरणे आणि तक्रार स्वतंत्रपणे चालवणे अधिक सुरक्षित मानले जाते.

तळोदा आणि लहान शहरांतील स्थिती

तळोदा हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे शहर आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. शहराचा कारभार नगरपरिषदेकडे आहे. अशा शहरांत मोठ्या गृहसंकुलांपेक्षा स्वतंत्र घरे, बिनशेती भूखंडांच्या कॉलन्या आणि लहान इमारती अधिक आढळतात. त्यानुसार रहिवाशाची देणीही बदलतात.

सहकार नियमांत गृहनिर्माण संस्थांचे प्रकार केलेले आहेत. जमीन संस्थेकडे आणि घर सभासदाच्या मालकीचे असल्यास ती भाडेकरू मालकी संस्था होय. जमीन व इमारत दोन्ही संस्थेची असल्यास तिला भाडेकरू सहभागीदारी संस्था म्हणतात. भूखंडांच्या संस्थेत जिना, सामाईक छत किंवा लिफ्ट नसते. त्यामुळे शुल्क प्रामुख्याने खुली जागा, कुंपण, रखवाली आणि कार्यालयीन खर्च यांपुरते मर्यादित राहते. अंतर्गत रस्ते व गटारे नगरपरिषदेकडे हस्तांतरित झाली असल्यास त्यांची देखभाल नगरपरिषद करते. हस्तांतरण झाले नसेल, तर तो खर्च भूखंडधारकांवरच राहतो.

संस्था नसलेल्या कॉलनीतील घरमालकाचे मुख्य देणे म्हणजे नगरपरिषदेची घरपट्टी व पाणीपट्टी. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली तिची आकारणी होते. घरपट्टीच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ती संस्थेच्या कमाल व्याजदरापेक्षाही अधिक आहे. संस्थेचे सभासद असलेल्यांनीही घरपट्टी संस्थेच्या बिलात समाविष्ट आहे की स्वतंत्रपणे नगरपरिषदेत भरावयाची आहे, याची खात्री करणे आवश्यक असते. या गोंधळातून कर कोणीच न भरण्याचे प्रसंग उद्भवू शकतात.

लहान इमारतींचा आणखी एक प्रश्न नोंदणीचा आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) खाली ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पास नोंदणीतून सूट आहे. अशा इमारतीत संस्था स्थापन झालीच नाही, तर रहिवासी परस्पर समजुतीने वर्गणी काढतात. ही व्यवस्था सर्व जण भरत असेपर्यंत सुरळीत चालते. एकाने नकार दिल्यास मात्र निबंधकाच्या वसुली दाखल्याचा मार्ग उपलब्ध नसतो, कारण तो नोंदणीकृत संस्थेसाठी आहे. संस्थेची नोंदणी ही केवळ औपचारिकता नसून वेळेवर भरणाऱ्या रहिवाशांचे संरक्षण आहे, ते या अर्थाने.

नोकरीनिमित्त बदली होणारे शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सदनिका पुष्कळदा भाड्याने दिलेल्या किंवा बंद असतात. भाडेकरारात देखभाल शुल्क भाडेकरूने भरावे असे ठरले, तरी संस्थेच्या दृष्टीने जबाबदारी सभासदाचीच राहते. म्हणून बिल गावाबाहेरील सभासदापर्यंत पोहोचेल असा पत्ता व दूरध्वनी क्रमांक संस्थेकडे नोंदवलेला असावा लागतो.

तळोदा तालुक्यातील संस्थांसाठी सहकार खात्याची उतरंड तालुका पातळीवरील सहायक निबंधक, नंदुरबार येथील जिल्हा उपनिबंधक, नाशिक येथील विभागीय सहनिबंधक आणि पुणे येथील सहकार आयुक्त व निबंधक अशी आहे.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेत स्वतंत्र घरांच्या वसाहतींतही घरमालक संघटना असतात आणि घर विकत घेताना सदस्यत्व आपोआप लागू होते. थकबाकीचा बोजा घरावर चढतो आणि अनेक राज्यांत त्यासाठी घराचा लिलावही होऊ शकतो. जर्मनीत सदनिका मालकीचा स्वतंत्र कायदा १९५१ साली झाला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९६१ साली 'स्ट्राटा' पद्धतीचा कायदा केला आणि पुढे सिंगापूरसह अनेक देशांनी ती पद्धत स्वीकारली. तपशील भिन्न असले, तरी सामाईक मालकीबरोबर सामाईक खर्चाची सक्तीची जबाबदारी येते, हे तत्त्व सर्वत्र समान आहे.

हेही पहा

• महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०
• सहकारी गृहनिर्माण संस्था
• मालमत्ता कर
• तळोदा
• नंदुरबार जिल्हा